आधी हवा, मग लिफ्ट किट

सह्याद्रीत पाऊस धरला की पुण्यातून मुळशी-ताम्हिणीकडे निघणाऱ्या फोर बाय फोर गाड्या वाढतात. गॅरेजमध्ये लिफ्ट किट, मोठे टायर, विंच यांची चौकशीही त्याच सुमारास सुरू होते. हा खर्च बघता बघता लाखांत जातो. पण आपली गाडी नेमकी कशामुळे अडते, हे आधी पाहणारे थोडेच.

चिखलात रुतलेल्या गाडीला बहुतेक वेळा कमी पडते ती पकड; इंजिनाची ताकद नव्हे. टायर जमिनीला किती टेकतो, याचं ढोबळ गणित सोपं आहे: चाकावरचा भार भागिले हवेचा दाब. पावणेदोन टनांच्या गाडीत एका चाकावर साधारण 440 किलो भार येतो. 32 पीएसआय हवा असेल तर टेकणारा भाग 195 चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतो. 18 वर आणली तर साडेतीनशेच्या जवळ जातो. टायरच्या कडा ताठ असल्याने प्रत्यक्षात आकडे थोडे बदलतात, पण फरक चाक फिरताच जाणवतो. यासाठी लागतं काय, तर दाब मोजायचं गेज आणि छोटा कंप्रेसर. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरायलाच हवी; कमी हवेवर वेगात पळवलेला टायर तापून फाटू शकतो.

यानंतर पाहायचं ते डिफरन्शियल. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क मिळतो. एक चाक खड्ड्यावर अधांतरी राहिलं की ते नुसतं गरगरतं, आणि दगडावर घट्ट टेकलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य टॉर्क मिळतो. लॉक लावला की दोन्ही चाकं एकत्र फिरतात. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरखामध्ये पुढे-मागे असे दोन्ही लॉक आणि स्नॉर्केल कंपनीतूनच येतात. 700 मिलिमीटर पाण्यातून ती जाऊ शकते, असं कंपनी सांगते. अशा गाडीवर आणखी काय चढवायचं, याचा विचार निवांत केला तरी चालतो.

लिफ्ट किटबद्दल मोठा गैरसमज आहे. दोन इंचांची लिफ्ट बॉडी उचलते. एक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो आणि दगडाला तोच आधी घासतो. तो उचलतो फक्त मोठा टायर, तोही व्यास जितका वाढला त्याच्या निम्माच. शिवाय टायरचा व्यास दहा टक्के वाढला, तर काटा 100 दाखवत असताना गाडी 110 ने पळत असते आणि चाकाशी मिळणारी ओढ नऊ टक्क्यांनी घटते. गुरुत्वमध्य वर गेल्याने घाटातल्या वळणावर गाडी जास्त झुकते, ते वेगळंच.

कायदाही विचारात घ्यावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारे बदल करता येत नाहीत. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं.

विंचचा मोह होतोच, पण त्याआधी चॅसीला पक्के बसवलेले, पुरेशा क्षमतेचे हुक पुढे आणि मागे हवेत. काही गाड्यांना खाली असलेली बारीक कडी ट्रेलरवर गाडी बांधून न्यायला दिलेली असते. तिला पट्टा अडकवून दुसऱ्या गाडीने हिसका दिला, तर ती तुटून गोळीसारखी सुटते. म्हणून पट्टा ताणलेला असताना आसपास कुणालाही उभं राहू देऊ नये.