पाणी मुरू दे!

“कोळंबी पाळायची?” सासूबाईंनी विळीवरून मान वर केली. “अगो, कोळंबी सोलायची, हळद-मीठ लावायचं नि कढईत टाकायची. पाळायची कधीपासून?”

सासूबाई मूळच्या मालवणच्या. त्यांचं आश्चर्य अगदीच गैर नव्हतं. पण आमच्या चिरंजीवांनी, वय वर्षे दहा, मित्राकडे काचेच्या पेटीत लालचुटूक कोळंब्या पाहिल्या होत्या आणि वाढदिवसाला दुसरं काही नको, त्याच हव्यात, असा हट्ट धरला होता. दाराशी कुत्रं येण्यापेक्षा हे बरं, असा विचार करून मी हो म्हटलं.

शनिवारी संध्याकाळी दीड फूट लांबीची पेटी आणली. त्याच रात्री वाळू घातली, पाणी भरलं. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून सासूबाईंनी आपल्या तांब्याच्या हंड्यातलं दोन कळश्या पाणी मोठ्या मायेनं ओतलं. रविवारी सकाळी दहा कोळंब्या सोडल्या. बुधवारी सकाळी दहाच्या दहा तळाशी आडव्या पडल्या होत्या.

“आई, मी जास्त खायला घातलं का गं?” त्यानं विचारलं. मला उत्तर देता येईना. दहा वर्षांच्या मुलानं दहा जिवांचा हिशेब स्वतःच्या नावावर मांडला होता.

मग मी वाचायला बसले. आधी वाचायला हवं होतं, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणून टाकते!

ही ‘चेरी’ कोळंबी मूळची चीन-तैवानकडची, गोड्या पाण्यातली. पूर्ण वाढली तरी जेमतेम इंचभर. रानात ती मातकट रंगाची असते. लाल रंग माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवडून आणलेला. घरच्या पेटीत कोळंबीला मानाचं पान मिळालं ते जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांच्यामुळे. पाणवनस्पतींच्या पेट्यांमधलं शेवाळ खायला त्यांनी १९८०च्या दशकात कोळंब्या कामाला लावल्या. ती जात निराळी. तिच्या पिल्लांना वाढायला खारं पाणी लागतं. चेरीची पिल्लं मात्र गोड्या पाण्यातच, अंड्यातून थेट आईसारखी होऊन बाहेर पडतात. म्हणून नवशिक्यानं चेरीच आणावी.

आमचं चुकलं कुठं? कोळंब्यांची विष्ठा आणि उरलेलं अन्न कुजलं की पाण्यात अमोनिया होतो. तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच निरुपद्रवी. थोडं झाडं शोषतात, थोडं पाणी बदललं की जातं. हे जिवाणू वाळूवर, गाळणीच्या स्पंजवर वस्ती करतात. पण वस्ती वसायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही एक रात्र दिली होती.

आणि दुसरी गोष्ट वाचून मी पुस्तक मिटलंच. कोळंबीच्या रक्तात तांबं असतं, पण पाण्यात विरघळलेलं तांबं तिला मारक ठरतं.

आता हे सासूबाईंना सांगायचं कसं? दहा जीव नेमके कशानं गेले, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण कच्ची पेटी एकटीच पुरेशी होती, आणि ती घाई माझी होती. रात्री जेवताना सगळ्यांसमोर मी तेवढंच सांगितलं. हंड्याचं दोन दिवसांनी, भाजी निवडता निवडता, हळूच. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे लोणच्यासारखंच की. मुरू द्यायला हवं.”

मग मुरू दिलं. पेटी खिडकीच्या उन्हापासून दूर, भक्कम टेबलावर ठेवली. चाळीस लिटर पाण्याचं वजनच चाळीस किलो. पिल्लं ओढली जाऊ नयेत म्हणून स्पंजची गाळणी. जावा मॉसचे झुबके. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायचं औषध. अमोनिया व्हावा म्हणून रिकाम्या पेटीतच चिमूटभर खाद्य. चिरंजीव दर रविवारी तपासणीचे थेंब टाकून रंग वहीत लिहीत. सहाव्या आठवड्यात अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. नव्या दहा कोळंब्या आल्या. पिशवीतलं पाणी भांड्यात ओतून, बारीक नळीनं सलाइनसारखं थेंब थेंब पेटीचं पाणी त्यात मिसळत दीड तास घालवला, मगच त्यांना आत सोडलं.

पंधरा दिवसांनी चिरंजीव रडतच उठवायला आले, “एक मेली!” सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. “मेली कसली? कात टाकलीय. कुर्ल्यो नाय टाकत?” खरंच ते नुसतं पारदर्शक कवच होतं. तेही काढायचं नाही. कोळंब्याच ते खातात.

आता मे महिन्यात पाण्यावर पंख्याचा वारा सोडतो; तेवढ्यानं दोन-तीन अंश उतरतात. आटलेलं पाणी भरायचं, आठवड्याला दहावा हिस्सा बदलायचा. पेटीच्या खोलीत झुरळांचं औषध फवारायचं नाही. खालच्या देशी बदामाचं वाळलेलं पान धुऊन टाकलं की सगळ्या त्यावर चरायला जमतात. आणि जास्त झाल्या तरी नाल्यात, तळ्यात सोडायच्या नाहीत. परक्या जातीनं इथल्या जिवांचं अन्न का खावं?

परवा एका मादीच्या पोटाखाली वीस-पंचवीस अंडी दिसली. तीन-चार आठवड्यांत पिल्लं होतील. चिरंजीवांनी वहीत तारीख लिहिली आहे.

रविवारी आमच्याकडे कोळंबीचं कालवण अजूनही होतं. फक्त सासूबाई सोलायला बसतात ना, तेव्हा पेटीकडे पाठ करून बसतात.