सिकलसेल : दोष सुनेचा नाही, हिशेब जनुकांचा

विदर्भातल्या वस्त्यांत सिकलसेल हे नाव नवे नाही. नागपूर, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली या भागांत आदिवासी समाजात हा आजार आहे, तसाच आपल्या बौद्ध समाजातही आहे. पण तो घरात येतो कसा, असे आम्ही विचारले की उत्तरे निरनिराळी मिळतात. कुणी करणी म्हणते, कुणी मागच्या जन्मीचे भोग. शेवटी बोट वळते ते सुनेकडे. "हिच्या माहेरचा रोग" असे एकदा म्हटले की बाकीचे घर मोकळे! म्हणून आज हा हिशेबच नीट मांडू या.

रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. ते प्राणवायू वाहून नेते. त्याच्या एका साखळीत 146 कड्या असतात. त्यांतली सहावी कडी बदलली की सिकल हिमोग्लोबिन तयार होते. मग प्राणवायू कमी पडला की गोल, मऊ पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. बारीक रक्तवाहिन्यांत ती अडकते आणि असह्य दुखते. साधी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांतच मोडते. म्हणून अंगात रक्त कमी आणि डोळे पिवळे.

ही साखळी कशी घडावी हे जनुक ठरवते. त्याच्या दोन प्रती प्रत्येकाजवळ असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. साध्या प्रतीला 'ए' म्हणू, बदललेलीला 'एस'. दोन्ही साध्या तर एए. एक साधी, एक बदललेली तर एएस, म्हणजे वाहक. वाहक हा रुग्ण नव्हे, तो सर्वसाधारण आयुष्य जगतो. दोन्ही बदललेल्या तर एसएस, म्हणजे सिकलसेलग्रस्त.

आता जोडप्याचा हिशेब पाहा.

नवरा-बायको दोघेही एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक, एएस होण्याची चारात दोन, एए होण्याची चारात एक.

एक एएस आणि दुसरा एए असेल, तर एकही मूल एसएस होत नाही. वाहक होण्याची शक्यता निम्मी.

एक एसएस आणि दुसरा एए असेल, तर सगळी मुले वाहक होतात, ग्रस्त एकही नाही.

एक एसएस आणि दुसरा एएस असेल, तर प्रत्येक वेळी एसएस मुलाची शक्यता निम्मी.

'चारात एक' याचा अर्थ पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा नाही. दर गरोदरपणात हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आणि एसएस मुलाला एक 'एस' आईकडून मिळालेला असतो, तसाच दुसरा बापाकडून. मग एकट्या सुनेला बोल कसा लावता येईल?

हा आजार आपल्यातच का, असेही विचारतात. 1954 मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की एएस मुलांना जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. मलेरियाच्या मुलखात अशी मुले जास्त तगली आणि जनुक पिढ्यान् पिढ्या टिकले. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस इथेही ते आहे. त्यात जातीचा कमीपणा कुठेच नाही.

करायचे काय? सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. पहिल्या सोल्युबिलिटी चाचणीत सिकल आहे की नाही एवढेच कळते. एएस की एसएस ते कळत नाही. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी केल्याशिवाय थांबू नका. पॅटर्न जन्मभर बदलत नाही, म्हणून रिपोर्ट जपून ठेवा.

लग्नाची बोलणी करताना शिक्षण, नोकरी विचारतो, तसा दोन्हीकडचा रिपोर्टही विचारावा. मुलीचा तेवढा मागायचा आणि मुलाचा लपवायचा, हे चालणार नाही. एएस मुलीचे लग्न अडवायचे कारण नाही. जोडीदार एए असला की झाले. दोघेही एएस असून लग्न झालेच असेल, तर दिवस राहताच डॉक्टरांना सांगा. साधारण 10 ते 12 आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा.

घरात एसएस मूल असेल तर त्याला भरपूर पाणी पाजा, थंडीपासून जपा, लसी चुकवू नका. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने अनेकांचे दुखणे कमी होते. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी, मनाने सुरू किंवा बंद करू नये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

आणि घरात एकाचा रिपोर्ट एएस किंवा एसएस आला, तर त्याच्या भावंडांचीही तपासणी याच महिन्यात उरकून घ्या.