पाळणा लांबला तर...

लग्नाला वर्ष झालं की आपल्याकडे चौकशा सुरू होतात. "काय गं, काही गोड बातमी?" दुसऱ्या वर्षी विचारण्याचा सूर बदलतो. तिसऱ्या वर्षी सुनेला शिरसाळ्याच्या मारुतीला नेलं जातं, मुक्ताईला नवस बोलला जातो. कुणी सांगतं, अमक्या गावचा बाबा पुडी देतो, तिने गुण येतो. श्रद्धा आपल्या जागी आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण या सगळ्यात वर्षं जातात ती बाईची आणि बोल लागतो तोही बाईलाच.

अलीकडे याचं दुसरं टोकही दिसतं. शहरात मोठमोठे फलक लागलेले असतात, त्यावर गुटगुटीत बाळं हसत असतात. ते बघून घरचे म्हणतात, "उगाच गोळ्या-औषधं कशाला? एकदाची टेस्ट ट्यूब बेबी करून टाका." मग दागिने मोडले जातात, वावर गहाण पडतं. आणि मूळ दोष काय होता, हे कुणी विचारलेलंच नसतं!

मैत्रिणींनो, एवढी एकच गोष्ट गाठीला बांधा. आधी कारण, मग उपचार. सगळ्यात महागडा उपचार हा सगळ्यात चांगला असतोच असं नाही. आपल्या दोषावर लागू पडतो तोच चांगला.

तपासणी दोघांची

बाई पस्तिशीच्या आत असेल आणि वर्षभर सोबत राहूनही दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टरकडे जावं. पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांतच जावं. पाळी अनियमित असेल तर तेवढंही थांबू नये. नवरा नोकरीनिमित्त बाहेरगावी असेल तर आणखी एक हिशेब बघायचा. अठ्ठावीस दिवसांची पाळी असेल तर साधारण दहाव्या ते सोळाव्या दिवसात गर्भ राहण्याची शक्यता जास्त असते. त्या दिवसांत दोघं एकत्र नसतील तर औषध तरी काय करणार?

पहिली तपासणी नवऱ्याची व्हायला हवी. वीर्याची तपासणी सोपी आहे, स्वस्त आहे, तिला सुई लागत नाही की भूल लागत नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्यांच्या आसपास पुरुषातही काही ना काही दोष सापडतो. तरी आपल्याकडे बाईच्या दहा तपासण्या होतात आणि पुरुष दवाखान्याबाहेर बाकावर बसून राहतो.

आमच्या मंडळाच्या कामात एक सून भेटली होती. पाच वर्षं तिचे उपचार चालले होते. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, पोटात दुर्बीण घालून तपासणीही झाली. नवऱ्याची तपासणी मात्र एकदाही नाही. "ते नाही म्हणतात, मग मी काय करू?" असं ती म्हणायची. शेवटी तिच्या जेठाणीने दिराला समजावलं. रिपोर्ट आला तेव्हा शुक्राणू फार कमी निघाले. गुटखा दिवसभर तोंडात! डॉक्टरांनी आधी तो सोडायला लावला. नवीन शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. आकडा थोडा वाढला आणि पुढचा उपचार ठरवता आला. मला मात्र तिचं एकच वाक्य आठवतं, "ताई, पोर होईल का नाही ते देव जाणे, पण मला वांझ म्हणणं तरी थांबलं."

बाईच्या तपासणीत थायरॉईड आणि इतर हार्मोन्सचं रक्त, सोनोग्राफी आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे बघणारा एक्स-रे, म्हणजे एचएसजी, या मुख्य गोष्टी. आपल्या देशात गर्भाशयाचा आणि नलिकांचा क्षयरोग हेही नळ्या बंद होण्याचं एक कारण आहे. खोकला नाही, ताप नाही, तरी हा आजार आत असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं.

कोणता उपचार कुणाला?

पीसीओडी असेल, म्हणजे बीज वेळेवर तयार होत नसेल, तर बीज तयार होण्याच्या गोळ्या ही पहिली पायरी. वजन जास्त असेल तर शंभरातले पाच ते दहा टक्के उतरवले तरी अनेकींची पाळी सुधारते. म्हणजे सत्तर किलोच्या बाईने साडेतीन ते सात किलो. त्याला पैसे लागत नाहीत, पण घरच्यांची साथ लागते.

दुसरी पायरी आययूआय. नवऱ्याचं वीर्य प्रयोगशाळेत स्वच्छ करून बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. ॲडमिट व्हावं लागत नाही, खर्च काही हजारांत असतो. पण निदान एक नळी मोकळी हवी आणि शुक्राणूही बऱ्यापैकी हवेत. दोन्ही नळ्या बंद असताना आययूआय करणं म्हणजे पैसा पाण्यात. एका वेळेला शंभरात दहा-पंधरा जणींनाच यश येतं, म्हणून तीन-चार वेळा करून बघतात. त्यापुढे तेच ते करत राहण्यात फारसा अर्थ नाही.

आयव्हीएफ, म्हणजे आपली टेस्ट ट्यूब बेबी, ही पुढची पायरी. दोन्ही नळ्या बंद असतील, वय वाढत चाललं असेल किंवा आधीचे उपाय थकले असतील तर ती लागते. दहा-बारा दिवस इंजेक्शनं, मग भूल देऊन बीजं काढणं, प्रयोगशाळेत गर्भ तयार करणं आणि तीन ते पाच दिवसांनी तो गर्भाशयात ठेवणं. शुक्राणू अगदीच कमी असतील तर एक शुक्राणू सुईने थेट बीजात सोडतात, त्याला इक्सी म्हणतात. एका प्रयत्नाचा खर्च लाख-दीड लाख किंवा त्याहून जास्तही होतो आणि आयुष्मान कार्डावर हा उपचार होत नाही. पस्तिशीच्या आतल्या बाईलाही एका प्रयत्नात साधारण तिघींत एकीलाच यश मिळतं. चाळिशीनंतर तर ते झपाट्याने कमी होतं. इंजेक्शनांनंतर पोट फुगलं, धाप लागली, लघवी कमी झाली तर रात्र असो की दिवस, लगेच दवाखाना गाठायचा.

हे शास्त्र आपल्याला परकं नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बाळाला जन्माला घातलं. महापालिकेच्या रुग्णालयात झालं हे काम! त्याच मुलीला २०१६ मध्ये स्वतःचा मुलगा झाला. टेस्ट ट्यूबचं मूल कमजोर निघतं, त्याला पुढे मुलं होत नाहीत, असं म्हणणाऱ्यांना हे आवर्जून सांगा. गोव्यात २०२३ मध्ये गोवा मेडिकल कॉलेजात हा उपचार मोफत सुरू झाला. आपल्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही तो मिळावा, ही मागणी आपण बायकांनी करायला काय हरकत आहे?

विचारायला लाजू नका

२०२१ मध्ये केंद्र सरकारने या उपचारांसाठी कायदा केला. केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. बाईचं वय एकवीस ते पन्नास, पुरुषाचं एकवीस ते पंचावन्न, ही मर्यादा आहे. यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम, जुळ्या-तिळ्यांचा धोका, हे सगळं समजावून सांगणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. म्हणून जाताना वहीत लिहून न्या:

नोंदणी क्रमांक काय? आमचा नेमका दोष कोणता? याहून साधा उपाय आहे का? आमच्या वयाच्या किती जणींच्या हाती बाळ आलं? नुसते दिवस राहिलेल्यांचा आकडा नको. औषधांसकट खर्च किती? बीज किंवा वीर्य दुसऱ्या कुणाचं वापरणार आहात का?

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. लेखी संमतीशिवाय असं काही करता येत नाही. म्हणून वाचल्याशिवाय सही नाही. इंग्रजी कागद असेल तर मराठीत समजावून मागा.

"एवढा खर्च करतोय तर मुलगाच द्या" असं म्हणणारेही असतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. तेव्हा हे बोलताना जीभ अडखळायला हवी. गर्भाचं लिंग निवडणं हा गुन्हा आहे, तो आयव्हीएफमध्येही गुन्हाच.

आणि उपचार सुरू करण्याआधीच नवरा-बायकोने बसून ठरवावं, किती प्रयत्न, किती पैसे, कुठवर. वावर विकायचं नाही, हे ठरलं असेल तर ते घरातल्या मोठ्यांनाही सांगून ठेवावं. दत्तकाचा रस्ताही मोकळा आहे. 'कारा'च्या सरकारी वेबसाइटवर नोंदणी करता येते. लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत आणि दोघांची संमती हवी. रांग मोठी असते, म्हणून सगळे उपाय थकेपर्यंत थांबण्यापेक्षा त्याचाही विचार वेळेत करावा.

निर्णय त्या दोघांचा आहे. सासू, नणंद, शेजारीण म्हणून आपण एवढंच करू शकतो. तिच्याबरोबर त्यालाही तपासणीला पाठवायचं.