दोन दिरहमांची कुऱ्हाड आणि तारा गावची रोपवाटिका

रमजान आला की मशिदींबाहेर मागणाऱ्यांची रांग वाढते. देणारेही हात आखडत नाहीत. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतून अडीच टक्के जकात काढणे हे ऐपत असलेल्या प्रत्येक मुसलमानाचे कर्तव्यच आहे. पण तोच हात पुढच्या रमजानला पुन्हा पुढे येत असेल, तर देण्यात काय राहून गेले?

हदीसमध्ये एक प्रसंग येतो. मदिनेतला एक गरीब माणूस पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे मागायला आला. घरात एक जाडेभरडे कापड आणि पाणी प्यायचा वाडगा, एवढेच होते. पैगंबरांनी त्या वस्तूंचा लिलाव केला. दोन दिरहम आले. एकाचे घरच्यांसाठी अन्न घ्यायला सांगितले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणायला लावली आणि तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिला. लाकडे तोडून विक, पंधरा दिवस मला दिसू नकोस, असे बजावले. तो परतला तेव्हा त्याच्याजवळ दहा दिरहम होते.

आधी घरच्यांचे पोट, मग हातात हत्यार. नवी मुंबईच्या उंबरठ्यावर, पनवेलहून गोव्याकडे जाताना कर्नाळा ओलांडल्यावर लागणाऱ्या तारा गावात हाच क्रम दिसतो. तिथे युसूफ मेहरअली सेंटर आहे. स्वातंत्र्यसैनिक डॉ. जी. जी. पारीख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 मध्ये ही संस्था सुरू केली. आधी दवाखाना, मग शाळा, मग हाताला काम. सेंद्रिय शेती, रोपवाटिका आणि गांडूळखत, त्यांच्या जोडीला तेलघाणी, साबण आणि कुंभारकाम.

आसपासच्या वाड्यांवर कातकरी आणि ठाकूर राहतात. कातकऱ्यांची अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. उचल घेतलेली असते, ती फेडताना मुलांची शाळा सुटते. अशा मुलाला तरुणपणी गावातच हुनर आणि मजुरी मिळाली, तर भट्टीची वाट टळू शकते.

रोपवाटिकेचे काम वरवर सोपे वाटते. माती, शेणखत कालवून पिशव्या भरायच्या, पाणी घालायचे. पण आंब्याचे कोय कलम बांधून पाहावे! पावसाळ्याच्या सुरुवातीला कोय रुजते. रोप कोवळे असतानाच त्याचा शेंडा छाटून त्यात हापूसची काडी बसवायची आणि पट्टीने घट्ट बांधायची. काप तिरका गेला किंवा आत हवा राहिली, की काडी वाळते. हा हात एकदा बसला की कोकणातल्या कुठल्याही बागेत त्याला मागणी असते.

संस्थेला ज्यांचे नाव आहे, ते युसूफ मेहरअली मुंबईच्या सुखवस्तू खोजा कुटुंबातले. ‘सायमन गो बॅक’ ही घोषणा त्यांचीच. 1942 मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. 1950 मध्ये, अवघ्या 46 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. एका मुस्लिम नेत्याचे नाव, ते जपणारा गुजराती डॉक्टर आणि शिकणारी आदिवासी मुले, असा हा संसार आहे. डॉ. पारीख 2 ऑक्टोबर 2025 रोजी वयाच्या शंभराव्या वर्षी गेले. काम मागे उरले आहे.

एका रोपवाटिकेने साऱ्या वाड्यांचे स्थलांतर थांबत नाही. शेजारी विमानतळ आला, जमिनीचे भाव चढले आणि वाडीवरच्या तरुणाला पहारेकरी किंवा बिगारी होण्यापलीकडे फारसे काही सुचवले जात नाही. म्हणूनच शिकवणारी जागा मोलाची ठरते.

जकातीचे हक्कदार धर्मशास्त्राने ठरवून दिले आहेत. सदका, म्हणजे ऐच्छिक दान, मात्र कोणत्याही धर्माच्या गरजवंताला देता येते. इफ्तारची फळे जरूर वाटावीत. सोबत एखाद्या मुलाच्या प्रशिक्षणाचा, अवजारांचा किंवा शिकतानाच्या महिन्यांतल्या घरच्या धान्याचा खर्च उचलता आला, तर पुढच्या रमजानला रांगेतला एक हात कमी होईल.