उजनीचे हिवाळी पाहुणे

बिरवाडीहून वरंधा घाट चढून भोरमार्गे भिगवणला जाता येते. भीमेवरील उजनी धरणाचे पाणी तेथे दूरवर पसरले आहे. हिवाळ्यात फजरची नमाज आटोपून लगेच कुंभारगावचा काठ गाठावा.

यंदा आम्ही मुलांना घेऊन गेलो. तिथले मच्छीमारच नावेतून फिरवतात आणि पक्ष्यांची ओळख करून देतात. उथळ पाण्यात रोहित पक्षी चोच उलटी धरून चिखलपाणी गाळत होते. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, हे ऐकून मुलांना नवल वाटले. चित्रबलाक, कुरव आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंबही दिसले. सूरह मुल्कमध्ये पक्ष्यांच्या उडण्याकडे लक्ष का वेधले आहे, ते तेथे उमगते.

मुलांना डॉ. सलीम अलींची (१८९६–१९८७) गोष्ट सांगितली. लहानपणी त्यांनी टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती खाणे जायज आहे का, असा प्रश्न पडला. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवले आणि आयुष्याची वाट ठरली. पुढे आपल्याच रायगडातील किहीमला त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला.

एक गोष्ट मात्र खटकली. फोटोसाठी काही जण नाव थेट थव्यात घालायला लावतात. थवा उठला की पक्ष्यांचे खाणे तुटते, आणि परतीच्या प्रवासाची ताकद तर इथल्याच खाण्यातून मिळते. म्हणून नावाड्याला ‘आणखी जवळ’ म्हणू नका. घरात एक दुर्बीण असली तरी पुरे. मुक्या जीवांवर रहम करणे ही आपल्या दीनची शिकवण आहे. मुले ती आपल्याकडे पाहूनच शिकतात.