जिवाणू वीज कशी तयार करतात?

जिवाणूंच्या जोरावर वीज, हे सोलापूरकरांना तसं नवं नाही. तुळजापूर रस्त्यावरच्या भोगाव येथील प्रकल्प याच तत्त्वावर उभारला गेला. तिथे जिवाणू ओला कचरा कुजवतात, त्यातून गॅस मिळतो आणि गॅसवर इंजिन फिरतं.

'मायक्रोबियल फ्युएल सेल'मध्ये गॅसही नाही, इंजिनही नाही. सांडपाण्यातले सेंद्रिय घटक पचवताना जिवाणू इलेक्ट्रॉन सोडतात. एरवी ते ऑक्सिजनकडे जातात. इथे ऑक्सिजन तोडून त्यांच्यापुढे कार्बनचा इलेक्ट्रोड ठेवतात. मग इलेक्ट्रॉन तारेतून दुसऱ्या इलेक्ट्रोडकडे धावतात, हीच वीज. इंग्लंडमध्ये एम. सी. पॉटर यांनी १९११ मध्येच असा प्रयोग केला होता.

मग घरोघरी का नाही? एका सेलमधून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल दीड व्होल्टचा असतो! शिवाय आकार वाढवला, तरी वीज त्या प्रमाणात वाढत नाही.

खरा फायदा वेगळाच आहे. नेहमीच्या सांडपाणी प्रक्रियेत पाण्यात हवा सोडण्यावरच बरीच वीज खर्च होते. इथे तो खर्च वाचतो आणि पाणीही स्वच्छ होतं. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या सांडपाण्यात या जिवाणूंना भरपूर खाद्य आहे. प्रश्न एवढाच, की गळीत हंगाम संपल्यावर त्यांना जगवायचं कशावर?