प्राणिसंग्रहालयाच्या सहलीतले पालक

शाळेच्या सहलीत शिक्षकांबरोबर एखादे पालक असणे ही आता नुसती हौस राहिलेली नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी सहलीला आलेले पुण्याचे महाविद्यालयीन विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले आणि राज्यात सहलींचे नियम कडक झाले. शिक्षण विभागाची पूर्वपरवानगी, घरच्यांचे संमतिपत्र, दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि मुली असतील तर शिक्षिकेसोबत एक महिला पालक प्रतिनिधी, अशा अटी आल्या. वर्गातल्या एखाद्या मुलीची आई एसटीत चढते ती बहुधा या अटीमुळे. प्राणिसंग्रहालयात गेल्यावर तिने काय करायचे, हा खरा प्रश्न आहे.

खानदेशातल्या जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत मोठे प्राणिसंग्रहालय नाही. त्यातल्या त्यात सोयीचे म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे सिद्धार्थ उद्यान. महापालिकेचे हे प्राणिसंग्रहालय मध्यवर्ती बसस्थानकाजवळच आहे. जळगावहून जाताना वाटेत अजिंठा लागतो, धुळ्याहून चाळीसगाव-कन्नडमार्गे वेरूळ आणि दौलताबाद. शिरपूरकडच्या शाळांना आग्रा रोडने इंदूरचे कमला नेहरू प्राणिसंग्रहालयही गाठता येते. शैक्षणिक सहलींना एसटी भाड्यात निम्मी सवलत देते, म्हणून खेड्यातल्या शाळेलाही हे परवडते. कन्नडच्या घाटात मात्र गाडीत उलट्या सुरू होतात. प्लास्टिकच्या पिशव्या, लिंबू आणि पाणी हाताशी ठेवणे हे सोबतच्या पालकाचे पहिले काम.

एका दिवसात लेणी, किल्ला आणि प्राणी असे सगळे कोंबले की प्राण्यांच्या वाट्याला जेमतेम तासभर येतो. रांग पुढे सरकत राहते आणि मुलांच्या लक्षात प्राण्यांची नावे तेवढी उरतात. हजेरी, तिकिटे, शिट्टी यांत शिक्षक गुंतलेले असतात. दहा-बारा मुलांचा गट सांभाळणारे पालक मात्र त्या गटाला एका पिंजऱ्यापुढे पाच मिनिटे थांबवू शकतात. सहलीत पालक असण्याचा खरा फायदा हाच.

मगरीचे उदाहरण घ्यावे. काठावर जबडा उघडा टाकून ती निपचित पडलेली असते. मुले हमखास विचारतात, ‘खरी आहे का?’ मगरीला घाम येत नाही. उन्हात अंग फार तापू नये म्हणून ती तोंड उघडे ठेवते. डोळ्याकडे नजर लावून थांबले तर त्यावरून एक पारदर्शक पापणी आडवी सरकताना दिसते. ती एकदा पाहिलेले मूल मगरीला मारायला पुन्हा खडा उचलत नाही. सहली बहुधा डिसेंबर-जानेवारीत निघतात. थंडीत साप सुस्त असतात, त्यामुळे सर्पालयात हालचाल दिसली नाही तर काच वाजवण्यात अर्थ नाही. दुपारी वाघही झोपलेला असतो. तो चालता-फिरता दिसावा म्हणून सकाळीच पोहोचलेले बरे.

सिद्धार्थ उद्यानात पिवळ्या वाघांबरोबर पांढरे वाघही आहेत. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. आई-बाप दोघांकडून विशिष्ट जनुक आले तर पिल्लू पांढरे जन्मते. १९५१ मध्ये रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी पकडलेल्या ‘मोहन’ या वाघापासून आज बंदिवासात असलेले बहुतेक पांढरे वाघ जन्मले. नात्यातल्या नात्यात प्रजनन होत गेल्याने त्यांच्यात जन्मजात दोष येतात. एखादा प्राणी त्याच वाटेने सारख्या येरझारा घालत असेल तर तो बंदिवासाचा ताण असू शकतो. ‘त्याला इथे आवडत नसेल का?’ असे मुलाने विचारले तर विषय टाळू नये, खरे ते सांगावे.

डब्यातली दशमी माकडाला देण्याचा मोह मुलांना होतोच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना खायला घालणे, डिवचणे किंवा गोंगाट करून त्रास देणे हा गुन्हा आहे आणि त्याला कैदेची तरतूद आहे. हे मुलांना पिंजऱ्यापाशी सांगून उपयोग नाही, गाडीतच सांगावे.

खानदेशातल्या मुलांचे बिबट्यापुढे उभे राहणे शहरी मुलांपेक्षा वेगळे असते. २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यात वरखेडे परिसरात नरभक्षक बिबट्याने माणसे मारली आणि अखेर त्याला गोळी घालावी लागली. त्या भागातल्या घराघरांत ती भीती बसली. अशा मुलाला ‘घाबरू नको’ म्हणून पुढे ढकलू नये. शेतात काम करणारी आई तिथे शिक्षकांइतकेच सांगू शकते: तो उसात का लपतो, कुत्र्या-शेळ्यांमागे गावात का येतो, अंधारात हातात बॅटरी का हवी. मुक्ताईनगरच्या डोलारखेडा परिसरात वाघांचा वावर आहे आणि १९६९ पासून यावल अभयारण्य आहे, हेही इथेच सांगावे. पिंजऱ्यातला प्राणी आपल्या तालुक्यात मोकळा फिरतो, हे कळल्यावर मुले जास्त प्रश्न विचारतात.

परतताना गाडीत बसण्याआधी आणि बसल्यावर अशी दोनदा मोजणी करावी. मूल गावात घरच्या माणसाच्याच हाती द्यावे आणि शेवटचे मूल जाईपर्यंत शिक्षकांबरोबर पालकांनीही थांबावे.